एक दिवसही वाड्यावर नाही

३ ऑक्टोबर १९९९

पसंत! पाहुण्यांनी कपबशी खाली ठेवायच्या आत पसंत. आत्यानं देवापुढे साखर ठेवली. मी आतल्या खोलीत साडीच्या पिना काढता काढता बोटाला टोचून घेतलं.

मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, नेहमीची कॅसेट लावली होती. आता मला पाठ झालीय — "माझा मेव्हना मल्हारी मेंढरं राखतो, खरं हाय. पावसाळाभर खुटबावला, मग फिरतीवर. पन ही बानू सहाव्या वर्सापास्नं आमच्याकडं तळेगावात. बारावी झाली. माझा एसटीडी बूथ हीच सांभाळती. एक दिवस वाड्यावर ऱ्हायली न्हाई. एक दिवस!"

'एक दिवस' म्हणताना मामा एक बोट वर करतात. सगळे पाहुणे त्या बोटाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. जणू कपाळावर आय.एस.आय.चा शिक्का आहे. धनगराची पोर, पण मेंढराचा वास नाही. गॅरंटी!

मुलगा बापूसाहेब. रांजणगावला कंपनीत ऑपरेटर, पर्मनंट. कारेगावात खोली घेऊन राहतो. सगळा वेळ पोह्यांतल्या मिरच्या काढून बशीच्या कडेला लावत होता. वर एकदाच बघितलं. डोळे चांगले आहेत. लिहून टाकलं, आता काय!

५ ऑक्टोबर

धाकट्या भावाचा, पप्पूचा फोन, खुटबावहून. हा पोरगा फोनवर इतका ओरडतो की तारेची गरजच नाही.

"अक्का, आबांनी ठरवलं. औंदा जाऊन यायचं, आन् पावसाळ्यात आलं की बकरी मोडायची. समदी!"

मोडायची म्हणजे विकून टाकायची. आबांचे गुडघे गेलेत. रानं राहिली नाहीत, जिकडे तिकडे ऊस. पप्पूला टेम्पो घ्यायचाय. त्याचा आवाज आनंदात होता, त्याला बोल कसा लावू? त्यानं त्या मेंढरांमागे लहानपण घालवलंय.

मी म्हणाले, "बरं झालं." फोन ठेवला. पुढच्या गिऱ्हाइकाला नागपूर लावायचं होतं, मी नगर लावून दिलं. केवढा ओरडला!

६ ऑक्टोबर

शेवटचं वर्ष. दिवसभर तेवढंच डोक्यात.

९ ऑक्टोबर

तळेगावात वाडा म्हटलं की लोकांना पाटलाचं चिरेबंदी घर दिसतं. आमचा वाडा चालतो. पुढं मेंढरं नि गडीमाणसं, मागून घोडी. घोडीवर घोंगड्या, भांडी, कोंबड्या, त्याच दिवशी जन्मलेली कोकरं. लगाम बायांच्या हातात. आज इथं तळ, उद्या तिथं. दिवाळी झाली की निघायचं, घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडाला परत.

माझं सगळं घर असं चालत जातं आणि मी काचेमागे बसते.

दरसाली वाडा तळेगावावरून जातो. बूथसमोरूनच. काच असल्यामुळे घंटांचा आवाज येत नाही नीट, नुसत्या मेंढरांच्या पाठी सरकताना दिसतात. आई घोडीबरोबर. हात करते. मी पण करते, दुसऱ्या हातात रिसीव्हर. कुणीतरी आत मुंबईला बोलत असतं, मीटरचे लाल आकडे पळत असतात, आणि तेवढ्यात वाडा वळणावर जातो. मग रस्त्यावर नुसत्या लेंड्या. हॉटेलवाला शिव्या देत झाडून काढतो. त्याच्या हातातला झाडू घ्यावा आणि त्यालाच द्यावे दोन, असं वाटतं!

पावसाळ्यात खुटबावला जाते तेव्हा तर फार जाणवतं. आई, आबा, पप्पू बोलत बसतात. "त्या ओढ्यापाशी न्हाई का, पप्पूला इंचू चावला..." की सगळे हसतात. विंचू चावला त्याला हसतात! मी पण हसते. मला तो ओढा माहीत नाही. त्यांच्या सगळ्या गोष्टी वाटेवरच्या आहेत, आणि एकाही गोष्टीत मी नाही. माझ्या ताटाखाली पाट ठेवतात. पप्पूच्या ताटाखाली कधी ठेवत नाहीत. आपल्याच घरात मी पाहुणी.

आत्या म्हणते, तू पोरांत हुशार, म्हणून तुला मागं ठेवली. बक्षीस!

मला एकदा जायचंय. तो ओढा बघायचाय. बस.

लिहिलं आणि पान लगेच उलटलं. कुणी बघत नव्हतं तरी.

१२ ऑक्टोबर

बापूसाहेबांचा फोन! कंपनीच्या गेटाजवळ रुपया टाकायचा फोनचा डबा आहे, तिथून.

"हॅलो... पोपटरावांचा बूथ का? तिकडं पाऊस हाय का?"

कारेगाव आणि तळेगाव एका तालुक्यात. इकडं पाऊस आहे का म्हणे! मी म्हणाले, "नाही, उन्हाळा सुरू झालाय." पलीकडून हसण्याचा आवाज. चांगलं हसतात, पोटातून. मग डबा टूं-टूं करायला लागला, त्यांनी अजून एक रुपया टाकला, आणि पुढं दोघांनाही काही सुचेना. एक रुपया नुसता गप्प बसण्यात गेला.

दिवसभर बरं वाटत होतं.

१५ ऑक्टोबर

आज इज्जत गेली.

दुपारी कुणी नव्हतं. गिऱ्हाइकाच्या केबिनमध्ये शिरले, दार लावलं. आत बोललेलं बाहेर ऐकू जात नाही असं मामा सगळ्यांना सांगतात. आबा मेंढरं वळवताना हाक मारतात ना, ती मारून बघितली. जीभ टाळूला लावून — हर्रर्र, आणि शेवटी वर — ह्यॅ! पहिल्यांदा कोंबडी दाबल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्यांदा असा लागला म्हणता! अंगावर काटा आला माझ्याच.

डोळे उघडले तर काचेपलीकडे आडतवाला, त्याची बायको, आणि हॉटेलवाला. तिघेही हातातलं विसरून उभे.

"काय झालं गं? लाईन डेड हाय का?"

"हो," म्हणाले मी.

१६ ऑक्टोबर

सगळ्या बाजारपेठेत झालंय. एक पोरगं बूथसमोरून "हर्रर्र" करत सायकलवर गेलं. नीट येत नाही त्याला.

१९ ऑक्टोबर, दसरा

सांगितलं. आत्या पुरण वाटत होती. मी म्हणाले, "आत्या, यंदा मी वाड्याबरोबर जाणार. शेवटचं वर्ष आहे. पावसाळ्याला परत येते."

तिला वाटलं थट्टा. "जा की. घोडीवर बसून जा." मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हातातला वरवंटा तसाच राहिला.

मग काय झालं ते कसं लिहू. आधी समजावणं. तिथं उघड्यावर झोपावं लागतंय, सात महिने अंगाला नीट पाणी न्हाई, उनानं काळी पडशील, सुपारी फुटायची हाय तुझी. मग रडणं. "पोटच्या पोरीवानी केलं मी तुला. काय कमी पडलं ते सांग एकदा."

काय कमी पडलं? काहीच नाही. हीच तर पंचाईत! आत्याला मूल नाही. हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. माझे पहिले पैंजण, माझी पाटी, माझी गॅदरिंगची साडी, सगळं तिनं केलं. तिला दुखवायला मला राक्षसीण व्हावं लागतं. आज झाले.

संध्याकाळी मामा सोनं देऊन आले, आपट्याची पानं तशीच मुठीत. समाजाच्या वधूवर मेळाव्याचे ते सेक्रेटरी. म्हणाले, "लोकं मेंढरं सोडून मानसात यायला लागली, आन् तू मानसं सोडून मेंढरात निघालीस? मी उद्या स्टेजवर कोनच्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

वाक्य चांगलं होतं. स्टेजवर टाळ्या पडतील.

मी पुरणपोळी खाल्ली नाही. आत्याही जेवली नाही. पोळ्या गाईला.

२१ ऑक्टोबर

सकाळी नदीपर्यंत चालत जाते. पायांना सवय. वाटेत आमच्यातलेच सगळे विचारतात, "शुगर झाली का गं?" इथं पेशंट असल्याशिवाय कुणी उगाच चालत नाही. हे धनगर लोक! ज्यांचे आजे कोकणापर्यंत चालत गेले!

आत्या बोलत नाही. डबा देते, पण बोलत नाही.

२४ ऑक्टोबर

बापूसाहेबांनी फोनवर विचारलंच. हाकेची गोष्ट कारेगावात पोचलीय. रांजणगावला निघालेल्या जीपमध्ये कुणीतरी मीठमिरची लावून सांगितली.

मी खरं ते सांगितलं. मग बोलले ते, हळू, आणि इतकं सलग की मी त्यांना असं बोलताना ऐकलंच नव्हतं.

"तुम्हाला कसलं कौतुक हाय ओ त्याचं? मी धा वर्सं काढलीत. रातभर पावसात मेंढराभवतीचं जाळं धरून हुभा ऱ्हायलोय. माझ्या आयेला वाटंतच कळा आल्या. बहीण झाली आडोशाला, दोन घोंगड्या धरून. दुसऱ्या सकाळी वाडा हलला, आन् माझी आय घोडी धरून चालली. वली बाळंतीन! तवा मी ठरवलं, काय बी करीन, पन माझी बायकू चालनार न्हाई."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. या माणसाच्या बायकोला फार सुख असणार, असं वाटलं. आणि मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू. अगदी हवं होतं.

"तुम्ही चालून आलात, म्हणून तुम्हाला नको आहे," मी म्हणाले. "मला माहीतच नाही. न चालता मी नको कसं म्हणू?"

"मी सांगतोय की."

"तुम्ही सांगताय ते तुमचं झालं."

टूं-टूं. त्यांनी रुपया टाकला नाही. की नव्हता?

२५ ऑक्टोबर

फोन नाही.

२७ ऑक्टोबर

नाही. फोन वाजला की हात आधी जातो, मग मी. आज पहिल्याच रिंगला उचलून "हं, बोला ना" म्हणाले. पलीकडं शिरूरचे गॅसवाले.

२९ ऑक्टोबर

बापूसाहेबांचे चुलते आले, म्हस्कूआप्पा. घरी नाही, सरळ बूथवर. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मामांना हाक मारून घेतलं.

"पोपटराव, आमाला काय मेंढरामागच्या पोरी मिळंनात व्हय? इस मिळत्यात! आमी तळेगाव का गाठलं? पोरगी मानसात वाढलेली, म्हनून. आता ती बी जर वाघरीचं जाळं खांद्यावर टाकून निघाली, तर मंग भावकीत आमी काय सांगायचं?"

मामांनी हात जोडले. "लेकराचं खूळ हाय आप्पा. उतरंल."

"उतरू द्या. पाडव्याला सुपारी फोडू, मार्गशीर्षात लगीन. पन पोरगी कुठं जानार न्हाई, हे आत्ता इथं सांगा."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. माझ्याबद्दल बोलताना कुणी माझ्याकडे बघत नाही, बघण्यासारखं काही असेल तर ते मामांचं वर केलेलं बोट.

मी म्हणाले, "मी जाणार आहे, आप्पा. पावसाळ्याला येईन. चालत असेल तर लग्न तेव्हा करू."

आप्पांचा हात गुडघ्यावरच्या टोपीकडं गेला. मग फोन वाजला. मी उचलला. "तळेगाव बूथ." आवाज जरासुद्धा कापला नाही!

आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांना एका दमात नाही म्हणाले. पहिल्यांदा! छाती अशी उडत होती की वाटलं, आडतवाल्याला ऐकू जाईल.

म्हस्कूआप्पा टोपी घालून निघून गेले. चहा तसाच राहिला.

१ नोव्हेंबर

सगळे चूक आणि मी एकटी बरोबर, असं असतं का कधी?

बाईंना भेटले, शाळेतल्या माझ्या. त्या तरी 'जा' म्हणतील वाटलं. त्या म्हणाल्या, "बानू, तू माझी उदाहरणाची मुलगी. दरवर्षी मी वर्गात तुझं नाव सांगते. आता काय सांगू?"

म्हणजे मामांचं बोट, बाईंचं उदाहरण. मी माझी अशी कधी असते?

आज एकेकाचं बोलणं आठवून बघितलं. आत्या खरं बोलते, हाल आहेत. मामा खरं बोलतात, लोक हसतील. बापूसाहेब तर सगळ्यात खरं. त्यांच्या आईचं ऐकल्यापासून मी रोज तिला चालताना बघते डोळ्यांपुढं. आणि माझ्याकडं काय आहे? माझ्याकडं एकच: मला जायचंय. याला पुरावा नाही, साक्षीदार नाही. समजा गेले आणि तोंडावर पडले, तर सगळे म्हणतील, बघ, सांगितलं होतं.

म्हणू देत. पडेन तर माझ्या तोंडावर पडेन.

असं दिवसा वाटतं. संध्याकाळी जीपा कारेगावकडं जायला लागल्या की वाटत नाही. आज एका जीपमध्ये पुढं बसलेला माणूस पाठमोरा अगदी त्यांच्यासारखा होता. मी काउंटर सोडून दारापर्यंत गेले. नव्हते ते. किती मूर्ख आहे मी. जायचं पण मलाच, आणि कुणी अडवावं असंही मलाच वाटतं.

५ नोव्हेंबर, खुटबाव

दिवाळीला आले. आत्यानं अनारसे दिले बांधून. बोलली नाही. डबा हातात देताना बोटं मात्र सोडवेनात तिला.

आबा मेंढरांचे खूर बघत होते. एकेक पाय उचलायचा, काटा काढायचा. मी समोर बसले. "आबा, यंदा मी येऊ का वाड्याबरोबर?"

त्यांच्या हातातला पाय सुटला. मेंढरू उठून गेलं. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग दुसरीकडे. मग खाकरले. "तुझं सोनं झालंय तितं," एवढं म्हणून उठले आणि जे रानात गेले ते जेवायलाच आले.

रागावले. त्यांनाही लाज वाटली असणार माझी. एवढी शिकवून, ठेवून, शेवटी ही.

आई चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भाकरी करपली तिची. आईची भाकरी कधी करपत नाही.

९ नोव्हेंबर, पाडवा

मेंढरं ओवाळली. शिंगांना गेरू. पप्पूनं फटाक्याची माळ लावली आणि मेंढरं उधळली तेव्हा मी ती हाक मारली, न ठरवता. चार-पाच मेंढरं वळली! पप्पू तोंड उघडं टाकून बघत राहिला. "अक्का, तुला कवा यायला लागलं?"

एसटीडी बूथमध्ये, म्हणाले.

धुरपदा, पप्पूची बायको, माझ्याहून लहान, पण चालून चालून पोटऱ्या दगडाच्या झाल्यात तिच्या. तिला वाड्याचा मनस्वी कंटाळा. टेम्पो आला की पहिल्यांदा शेगडी घेणार म्हणते, गॅसची, दोन बर्नरची. तिच्यापुढे मला माझंच बोलणं लाजिरवाणं वाटलं. हौसेनं जाणारी मी आणि नाइलाजानं जाणारी ती.

तिला म्हणाले, "तू पण सांग मला वेडी."

ती घोडीला दाणा घालत होती. "वन्सं, यावं वाटतंय तर या की. आवडंल तर आवडंल, न्हाई तर येष्टीत बसून घरी जावा. त्यात एवढं काय?"

त्यात एवढं काय! महिनाभर सगळा शिरूर तालुका डोक्यावर घेतलाय आम्ही, आणि ही म्हणते एवढं काय. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी. मग पाणीच येत राहिलं.

आबांना पुन्हा विचारलं नाही. विचारायचं नाही, सांगायचं. म्हणाले, "तळेगावात वाडा आला की मी येते." आबा "हं" म्हणाले. नुसतं हं.

१२ नोव्हेंबर, तळेगाव

मोडलं.

म्हस्कूआप्पांनी निरोप धाडला होता पाडव्यालाच. मामांनी भिंतीकडं तोंड करून सांगितलं. सुपारीसाठी आणलेला नारळ अजून कोनाड्यात आहे.

मी 'बरं' म्हणाले. बूथवर आले, कुलूप उघडलं, उदबत्ती लावली. मग खुर्चीत बसले आणि अजिबात 'बरं' वाटेना. मिरच्या बाजूला काढणारा माणूस! आता त्यांच्या ताटात कोण बिनमिरचीचे पोहे वाढेल, असं काहीतरी वेड्यासारखं मनात यायला लागलं. मी त्यांच्यासाठी अजून एक कप चहासुद्धा केला नाही, आणि एवढं का दुखावं?

जेवणाच्या सुट्टीत फोन आला. ओळखलं. आवाज नाही, मागचा कंपनीचा भोंगा ओळखला.

"मी घरच्यांपुढं न्हाई बोलू शकलो," म्हणाले.

"कळलं."

"जानार म्हंजी जानारच?"

"हो."

आता ठेवतील असं वाटलं.

"घाटात गारठा असतोय. घोंगड्या दोन घ्या. एक अंथरायला, एक पांघरायला. एकीवर भागंल म्हनत्यात समदी, न्हाई भागत."

मी "दोन घेते," म्हणाले. त्यांनी रुपया टाकला. मग आणखी एक टाकला. दोघंही नुसते ऐकत होतो.

१५ नोव्हेंबर

निघाले.

सकाळी बूथ मीच उघडला. घंटा ऐकू आल्या, आज दार उघडंच ठेवलं होतं. मेंढरांनी सगळा रस्ता भरला, जीपवाले हॉर्न मारत होते. मामा घराबाहेर पडलेच नाहीत. आत्या कधी येऊन काउंटरमागे माझ्या खुर्चीत बसली, कळलं नाही. मी पाया पडले. तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण बघितलंही नाही. फोन वाजत नव्हता तरी रिसीव्हर कानाला धरून बसली होती.

"आत्या, पावसाळ्याला येते."

"हॅलो," आत्या रिसीव्हरमध्ये म्हणाली. "हॅलो. हॅलो."

मी पिशवी आणि दोन घोंगड्या घेऊन रस्त्यात उतरले. सगळी पेठ बघत होती. हॉटेलवाला, आडतवाला, ते सायकलवालं पोरगं. कुणीतरी हसलं. धुरपदानं घोडीचा दोर माझ्या हातात दिला आणि स्वतः पुढं झाली, जसं काही रोजचंच आहे. वळणापर्यंत माझे कान तापलेले. वळणानंतर वारा लागला.

१६ नोव्हेंबर

पाय! नदीपर्यंतची ती सगळी सवय पहिल्या दुपारी संपली. मेंढरं ऐकत नाहीत. घोडी तर मला माणसात धरतच नाही. धुरपदा तोंडाला पदर लावून हसते.

चांदण्या मात्र — जाऊ दे, हाताला भाकरीचं पीठ आहे, उद्या लिहीन.

१९ नोव्हेंबर, पाबळच्या पुढं

दुपारी तळावर आई माझ्या टाचेचा फोड बघत होती. तोंडून निघूनच गेलं — "आई, मला का गं मागं ठेवलंत तुम्ही?"

आई बघतच राहिली. "ठेवलं? कुनी ठेवलं?"

मी म्हणाले, आत्या सांगते, हुशार म्हणून.

"तूच बसलीस की खाली! तळेगावच्या नदीत, वाळूत. मी न्हाई येत म्हनलीस. मला आत्यापाशी ऱ्हायचंय, पाटी पायजे. आबांनी मारलं तुला. समद्या वाड्यानं समजावलं. चुलत्यानं उचाललं तर त्याच्या हाताला चावलीस. मेंढरं खोळंबली, दिस कलला, पन तू काय उठली न्हाईस. मंग गेलो. तुझा बाप घाटापतुर कुनाशी बोलला न्हाई. दरसाली वाटायचं, औंदा तरी म्हनंल, येते. आमी कसं इचारायचं बाय? इचारलं आन् तू परत न्हाई म्हनलीस तर?"

मला यातलं काही आठवत नाही. वाळूचा एक कण आठवत नाही.

आईनं फोडाला हळद-तेल लावलं, वर फडकं बांधलं. पुढचा तळ लांब होता, मेंढरं कधीच निघून गेली होती.

"ऊठ," म्हणाली. "घोडी धर."